मिरजगावच्या बाजारातला फुकटचा तराजू

सन १९७१च्या फेब्रुवारीत सकाळी सहाच्या एस.टी.ने मी पुणे सोडले. पिशवीत कपड्यांचे दोन जोड, एक नोंदवही आणि भिंगारदिव्यांचे पत्र होते. मे महिन्यात मला अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होणार होती, म्हणजे हिशेबनिसाच्या नोकरीचे तीन महिने उरले होते. पुढे काय, हा प्रश्न घरात रोज जेवताना निघे आणि ताकभाताबरोबर संपे. पेठेतल्या मोफत वाचनालयाची मंडळी पुस्तकांचे काम बघा म्हणून मागे लागली होती. मला तो वेळ घालवण्याचा प्रकार वाटत असल्याने मी उत्तर दिले नव्हते.

येशूदास भिंगारदिवे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पुण्यात आम्ही नऊ वर्षे शेजारी राहिलो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते नगर जिल्ह्यात, मिरजगावला, आपल्या गावी गेले. त्यांनी लिहिले होते, 'नोकरीत नव्हते इतके काम आता आहे. खोटे वाटत असेल तर बाजाराच्या आदल्या दिवशी या आणि स्वतः मोजा.' मोजायला कोणी बोलावले की मला नाही म्हणता येत नाही.

केडगाव आले की नगर आले असे समजून उतारू उभे राहतात. स्टँड त्यानंतर चांगला पंधरा मिनिटांवर असतो, पण कोणी परत बसत नाही. मीही उभाच राहिलो. नगरला चहा आणि गरम भजी घेऊन सोलापूरकडची गाडी धरली. पिशवी टपावर गेली. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता आणि मचाणांवरून बायका गोफणी फिरवून पाखरे उडवत होत्या. शाळू संपला की उघडे माळ आणि बाभळी, पुन्हा शाळू. शेजारी पटका बांधलेला एक शेतकरी होता.

"कुनाकडं जायचं, पावनं?"

"भिंगारदिवे साहेबांकडे."

"आन्नांकडं व्हय? मंग बाजार बघाच. आन्ना तराजू घिऊन बसल्यापास्नं आमच्याकडं कुनी वजनात मारत न्हाई. उलटं जास्तच घालत्यात."

"जास्त कशाला घालतील?"

"भ्यालेत की समदे," असे म्हणून तो मनापासून हसला.

मिरजगावला उतरलो तेव्हा कळले की टपावर माझ्या पिशवीशेजारी कोणाचा तरी काकवीचा डबा होता. एक सदरा चिकट झाला होता, दुसरा शाबूत होता. नुकसान निम्मेच.

भिंगारदिव्यांचे घर दोन खोल्यांचे, पुढे पडवी. त्यांच्या चेहऱ्यावर तजेला होता, वय तीन वर्षांनी कमीच झाल्यासारखे. जेवायला शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या रश्शात शिजवतात), ज्वारीची भाकरी आणि कांदा. भिंगारदिव्यांनी डोळे मिटून दोन ओळींची प्रार्थना केली आणि आम्ही जेवायला लागलो. शांतावहिनींनी भाकरीबरोबर गूळ द्यायचा म्हणून ढेप पुढे ओढली आणि एका लोखंडी वजनाने ती फोडली. वजन किलोचे होते.

"वहिनी, हे साहेबांच्या तराजूचे ना?"

"बाजार आठवड्यातून एकदाच असतो, भाऊजी. बाकीचे सहा दिवस ते माझं."

"या वजनांवर शिक्का केव्हाचा आहे?" मी सहज विचारले. दुकानदारांना वजने ठरल्या मुदतीत तपासून घ्यावी लागतात, एवढे मला त्यांच्याकडूनच ठाऊक होते.

भिंगारदिवे म्हणाले, "अहो पाटणकर, शिक्के मारण्यात माझा जन्म गेला. माझी वजनं कोण तपासणार?"

सकाळी आठाला आम्ही बाजारात होतो. कडुनिंबाखाली तीन बांबूंच्या तिकाटण्याला त्यांनी तराजू टांगला, पारडी रिकामी ठेवून दांडी सरळ राहते का ते पाहिले, पारडी बदलून पुन्हा पाहिले. पोत्यावर वजने ओळीने मांडली: किलोचे एक, अर्ध्या किलोची दोन, आणि पितळेची लहान. रीत साधी होती. बाजारात घेतलेला जिन्नस कोणीही आणावा, तो ते पुन्हा जोखून देत. कोणाकडून घेतला हे विचारायचे नाही, पैसा घ्यायचा नाही. नुसता आकडा सांगायचा.

नऊ वाजता रांग लागली. तुरीची डाळ, हरभरा, शेंगदाणे, मिरच्या. एका म्हातारीने वांगी आणली.

"किती हाय रं, आन्ना?"

"एक किलो आणि वीस ग्रॅम, मावशी."

"बग की. मेला गोड बोलत हुता, तवाच मला संशव आल्ता."

"अहो, जास्त आहे."

"मंग त्यो मेला न्हाई," म्हातारी म्हणाली आणि वांगी घेऊन गेली.

समोरच डाळीचे दुकान मांडलेले गणपतशेठ तिथूनच ओरडत, "आन्ना, पेन्शन पुरंना म्हनून बसलाय का? या, पोती उचलायला घेतो." भिंगारदिवे वर न बघता म्हणत, "तुमची पोती हलकी असतात, शेठ. मला व्यायाम होत नाही." लोक हसत. हे दर बाजारी चालत असावे.

सवयीने मी नोंदवहीत रेघा ओढत होतो. दुपारपर्यंत किलोचे एकतीस जिन्नस जोखले गेले. सत्तावीस थोडे जास्त, चार बरोबर, कमी एकही नाही. भिंगारदिव्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिले.

"पहिल्या वर्षी दहातले तीन-चार कमी भरायचे. मग हळूहळू उतरले. गेल्या दिवाळीपासून एकही नाही. नोकरीत तीस वर्षं खटले भरून जे झालं नाही, ते इथे झाडाखाली बसून झालं."

त्यांचा आनंद खरा होता, म्हणूनच मी वहीतल्या रेघा पुन्हा मोजल्या. एकतीस जिन्नस, आणि चूक होती तेवढी सगळी एकाच बाजूला. माणसे प्रामाणिक असली तरी हात असा एका बाजूला चुकत नाही. थोडे इकडे, थोडे तिकडे व्हायलाच हवे. गप्प बसावे असे एकदा वाटले. पाहुणा होतो, आणि उद्या परत जाणार होतो. पण मी मोजायला आलो होतो.

"भिंगारदिवे," मी हळू आवाजात म्हणालो, "संध्याकाळी घरी गेल्यावर एक करू. दोन अर्धे मिळून एक होतो का, तेवढं बघू."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना पुढचे सांगावे लागले नाही.

"संध्याकाळी कशाला?" ते म्हणाले.

त्यांनी एका पारड्यात किलो ठेवला आणि दुसऱ्यात दोन अर्धे. अर्ध्यांचे पारडे खाली गेले आणि तिथेच राहिले. रांगेतली माणसे पुढे झुकली. भिंगारदिव्यांनी किलोचे वजन उलटे केले. बुडाशी वजन पुरे करायला शिसे भरलेले असते आणि शिक्का त्या शिशावरच मारतात. तिथे रिकामे भोक होते. पितळेची वजने टाकून त्यांनी फरक काढला. बावीस ग्रॅम.

गणपतशेठ उठून आले. "म्हंजी आन्ना, काटा तुमीच मारत हुता म्हनायचं." या वेळी कोणी हसले नाही.

भिंगारदिवे उभे राहिले. "मंडळी, माझा किलो हलका आहे. दिवाळीपासून असणार. ज्यांना मी बरोबर म्हणून सांगितलं, त्यांतल्या कित्येकांना कमी मिळालं असेल. चूक माझी. आज ज्यांनी जोखून घेतलंय त्यांनी परत या. आणि घरी गेल्यावर इतरांनाही सांगा."

ते तराजू सोडायला लागले. गणपतशेठनी दांडी धरली.

"सोडता कशापायी? लोकं परत येतील तवा काय हातानं जोखनार?" ते दुकानात गेले आणि आपला किलो घेऊन आले. "ह्यो घ्या. यंदाचा शिक्का हाय, उलटा करून बगा. बारा सालामागं, तुमी नगरला हुता तवा, माजी वजनं जप्त केल्ती. तवापास्नं मुदत चुकवली न्हाई."

भिंगारदिव्यांनी वजन खरोखरच उलटे करून पाहिले, दोन अर्ध्यांशी ताडले आणि मगच पारड्यात ठेवले. गणपतशेठ म्हणाले, "ह्ये मातूर बरं केलं."

संध्याकाळपर्यंत एकोणीस जण परत आले. पाच जिन्नस कमी भरले. एक डाळ गणपतशेठची होती. ती काट्यावर बरोबर आली. त्यांनी ते दोनदा मोठ्याने सांगायला लावले.

घरी आल्यावर वहिनींनी सगळे ऐकले आणि फळीवरचा डबा काढला. "हे का? दिवाळीत गूळ फोडताना ढेपेतून निघालं. मी म्हटलं, गुऱ्हाळवाल्यानं घातलं वजन वाढवायला." तळहातावर शिशाचा काळपट गोळा होता. भिंगारदिव्यांनी तो किलोच्या बुडाच्या भोकात बसवून पाहिला, मग ते पोट धरून हसले.

"वाईट वाटलं?" मी विचारले.

"दुपारी वाटलं. बाजार सुधारला म्हणून मी मिरवत होतो हो." थोडे थांबून ते म्हणाले, "पाच कमी भरले ना? म्हणजे काम शिल्लक आहे."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर नगरपर्यंत आले. सगळी वजने धोतराच्या फडक्यात बांधून मांडीवर घेतली होती. कंडक्टरने गाठोडे उचलून पाहिले. "आन्ना, यात काय, दगडं?" "दगड नाहीत याचीच खात्री करायला चाललोय," ते म्हणाले. वजनमापे कचेरीच्या दारात मी त्यांचा निरोप घेतला. आत दुकानदारांची रांग होती. ते तिच्यात शेवटी, सातव्या जागी, उभे राहिले. एका कारकुनाने ओळखून खुर्ची दिली. त्यांनी ती घेतली नाही.

पुण्यात घरी आल्यावर पत्नीने विचारले, "मग, निवृत्त माणसाचं कसं काय चाललंय?" मी सगळे सांगितले. नोकरीत असताना दर वर्षी कोणीतरी आपले काम उलटे करून बूड पाहतो. ते मला नेहमी जाचक वाटे. निवृत्तीनंतर ते आपण होऊन दुसऱ्याला करायला सांगावे लागणार, एवढे मी या प्रवासातून आणले. दुसऱ्याच दिवशी वाचनालयात जाऊन मी जूनपासूनचे काम स्वीकारले. अट एकच घातली: दर वर्षी पुस्तकांची मोजदाद माझ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी करायची.

पंधरा दिवसांनी पत्र आले. 'शिक्का मारून मिळाला. गेल्या बाजारी किलोचे चव्वेचाळीस जिन्नस जोखले. तीस बरोबर, पाच जास्त, नऊ कमी. मला मरायला फुरसत नाही. हिला गुळासाठी वरवंटा आणून दिला आहे.'