एका चष्म्यात दोन कामं: रत्नागिरी ते हर्णे, सायकलवर

हर्ण्याला सायकलनं जायचं ठरलं तेव्हा मला ना सायकलची काळजी होती ना पायांची. काळजी होती डोळ्यांची. माझा नंबर उणे सहाच्या पुढे. चष्मा काढला की मांडवीच्या वाळूत माणूस उभा आहे की खुंट, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, एवढ्या नंबरला डोक्याला मार बसणं बरं नव्हे, डोळ्याचा पडदा सुटू शकतो. "या वेळी पडलीस तर सायकल विकायची," नवरा शांतपणे म्हणाला. तो शांतपणे बोलतो तेव्हा ते खरं असतं, म्हणून मी हो म्हटलं.

मग चष्म्याचा शोध. कानापर्यंत वळलेले झोकदार गॉगल आधी बाद झाले. जास्त नंबरला तशा काचेतून कडेचा रस्ता वाकडा दिसतो. गॉगलच्या आत नंबरची काच बसवायची सोय असते, पण ती खिशाला परवडेना. लेन्स घालाव्यात तर जांभ्याची लाल धूळ डोळ्यांत गेली की संपलंच. शेवटी छोटी, हलकी, नाकावर रबर असलेली साधी फ्रेम घेतली. काच न फुटणारी, आणि उन्हात आपोआप काळी होणारी. वेगळा गॉगल नको, एका दगडात दोन पक्षी. सगळं मिळून चार हजारांच्या आत बसलं आणि मी स्वतःवर फार खूश झाले.

सोबतीला आमच्या आळीतल्या निवृत्त शिक्षिका शुभदाताई. त्यांना लांबचं लख्ख दिसतं, त्यामुळे त्या निश्चिंत. जानेवारीतली गार पहाट, आरे-वारेचा चढ, गणपतीपुळ्याला घावन आणि चहा. तोवर चष्मा घामानं एकदाही घसरला नव्हता, तरी मी दर वळणावर बोटानं तो वर ढकलत होते.

"अगो, तो नाकावरच आहे," ताई म्हणाल्या. "सारखा हात सोडलास तर त्यापायीच पडशील."

जयगडला फेरीबोटीत सायकली चढवल्या, तिकीट किरकोळ. पलीकडे तवसाळ, आणि तिथून चढ थेट सड्यावर. सडा म्हणजे उघडा कातळ, झाडाचं नाव नाही. ऊन मी म्हणत होतं आणि माझी काच छान काळी झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच मला जरा मोकळं वाटलं.

आमच्याकडचे रस्ते मला जन्मापासून माहीत आहेत. सडा संपतो आणि एका वळणात रस्ता दाट झाडीत शिरतो, हेही माहीत होतं. पण काळी झालेली काच पुन्हा पांढरी व्हायला काही मिनिटं घेते, आणि हा उतार तेवढा थांबत नाही, ही दोन गणितं मी एकत्र मांडलीच नव्हती. हेदवीच्या बाजूला उतरताना सावलीत शिरले आणि समोर अंधार झाला. त्या अंधारातलं एक झुडूप चालायला लागलं. ते झुडूप नव्हतं. पेरणीआधी शेतात जाळायला तोडलेल्या पाल्याचा भारा डोक्यावर घेतलेली बाई होती.

मी दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकलसकट गटारात गेले. गटार सुक्या पानांनी भरलेलं होतं म्हणून वाचले. बाईचा भारा रस्त्यावर पडला होता.

"डोल्यांत काय गेला काय गो तुज्या?" ती ओरडली. मग माझ्याकडे बघून आवाज उतरला. "लागला काय, बाय?"

मी डोकं चाचपत होते. एक डोळा मिटायचा, दुसरा मिटायचा, पुन्हा पहिला. दोन्हींनी सारखं दिसत होतं. तरी धसका बसला होता, आणि तो माझ्यापेक्षा तिच्यासाठी. मागून ताई पोचल्या, आणि आम्ही दोघींनी भारा तिच्या डोक्यावर चढवून दिला. ती निघून गेली.

"परत जाऊया का?" ताईंनी विचारलं. मला फार वाटलं हो म्हणावं. पण पिशवीत जुना, साध्या पांढऱ्या काचेचा चष्मा होता. तो नाडीनं डोक्यामागे बांधला. ताईंनी स्वतःची झापेची टोपी, पुढे डोळ्यांवर सावली धरणारी, मला दिली, हेल्मेटच्या आत घालायला. उन्हापासून तेवढा आडोसा पुरला. पुढचा प्रत्येक सावलीचा उतार मी हातात सायकल धरून चालत उतरले.

गुहागरला घरगुती मुक्काम, सोलकढी आणि सुरमई. दुसऱ्या दिवशी अंजनवेलचा फाटा सोडून धोपाव्याची फेरी, दाभोळ, आणि मोडून काढणारे चढ. संध्याकाळी हर्ण्याच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू होता. माणसं, टोपल्या, होड्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी मात्र मनात त्या वळणावरच होते.

येताना त्याच रस्त्यानं आलो. त्या चढाला ती बाई पुन्हा भेटली, भाऱ्याशिवाय, कोयता घेऊन. तिनं मला ओळखलं.

"आज दिसली काय मी?"

"दिसलात," मी म्हटलं. तिचा चेहरा मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. माझ्याच वयाची होती.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सायकल विकायची ठरली होती."

"हो," मी म्हटलं. "पण आधी काच बदलते. मग तू माझ्यामागून आरे-वारेला ये आणि ठरव."

त्याच फ्रेममध्ये साधी पांढरी काच बसवून घेतली, वर झापेची टोपी. जास्त नंबरवाल्यांनो, कोकणात यायचं तर एवढं पुरे आहे. नवरा स्कूटरवरून माझ्यामागे आला. परतल्यावर सायकल त्यानंच उचलून जिन्याखाली ठेवली, विकण्याबद्दल बोलला नाही.

आता काच स्वच्छ आहे. तरीही झाडीत शिरण्याआधी माझे हात ब्रेकवर जातात, आत कुणीतरी भारा घेऊन येत आहे असं धरून.