नायलॉनचा पदर

नायलॉन हा शब्द आमच्या उंद्रीत माझ्या लग्नाच्या सुमारास आला. त्याचा अर्थ डोंबल कुणाला ठाऊक होता! वापर मात्र जोरात. फाटत नाही ते नायलॉन, आटत नाही ते नायलॉन, इस्त्री लागत नाही ते नायलॉन.

धाकट्या दिराला मुलीकडचे बघायला येणार होते. घरचा थाट दिसावा म्हणून त्यानं खामगावहून माझ्यासाठी तसली साडी आणली. सासऱ्यांना वाटलं, दुकानदारानं पोराला टोपी घातली. त्यांनी पदराचा एक धागा उपसला नि काडी ओढली. सुताची होते तशी राख झाली नाही. धागा आक्रसला, वितळला आणि काळा मणी होऊन त्यांच्या अंगठ्याला चिकटला. ओढला तर कातडी घेऊनच निघाला. "असली हाये," ते अंगठा चोखत म्हणाले. सगळे खूश. मी मात्र त्या मण्याकडंच बघत होते. एका धाग्याची ही तऱ्हा, मग अख्खी साडी अंगावर वितळली तर?

पाहुणे आले त्या दिवशी तीच नेसवून मला चुलीपुढं पुऱ्या तळायला बसवलं. नवी सून, डोक्यावर पदर हवाच. आणि मेली ती साडी डोक्यावर ठरेल तर शपथ. हात पिठात, पदर जाळाकडं. कोपरानं ओढला की पुन्हा घसरायचा. पदर सावरता सावरता पुरी उंचावरूनच सोडली, तेल उडालं, जाळ भडकला आणि मी ओरडून भिंतीला टेकले.

सासू धावत आल्या. "काऊन व, काय झालं?"

"आत्याबाई, मी जळून मरीन यात."

वाटलं, आता शिव्या. त्यांनी दार लोटलं, स्वतःचं लुगडं फेडून माझ्या अंगावर टाकलं. "हे नेस अन् वाढाले जाय." घरात दुसरं धड लुगडं नव्हतं. नायलॉन गुंडाळून त्या चुलीपुढं बसल्या.

"तुमाले भेव नाही लागत?"

"लागते ना. मंग पाहुणे उपाशी ठेवू?"

दर खेपेला मी आधी त्यांच्याकडं बघायची, मग पुऱ्यांकडं. पदर त्यांनी कमरेला घट्ट खोचला होता. त्यांचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तेवढ्यात सासरे पाणी मागायला दारात आले नि थबकले.

"पदर घे," ते म्हणाले.

"घेत नाही," आत्याबाई म्हणाल्या आणि पुढची पुरी कढईत सोडली.