हिरव्या पट्ट्यांचे मोजे

वाटसरू हा रग्बीचा संघ म्हणजे नुसता पाहुण्यांचा कारभार. स्वतःचं मैदान नाही की क्लब नाही. ठिकठिकाणच्या खेळाडूंना पत्र धाडून बोलवायचं आणि दर ईस्टरला पोर्थगरनच्या समुद्रकाठच्या हॉटेलात उतरून वेल्समधल्या संघांशी खेळायचं. अंगात सगळ्यांच्या एकसारखी करडी जर्सी. पायात मात्र ज्याच्या त्याच्या क्लबचे मोजे. आणि पंधरांत एक जण असा घ्यायचाच, जो देशाकडून कधी खेळलेला नाही. त्या एका जागेचं साहेबलोकांना कोण कौतुक! उपकारच जणू.

ते मोजे धुवायची हॉटेलातली धोबीण मॉर्विथ. सव्वीस वर्षं. मोजा हातात आला की कुठल्या गावचा ते ती न बघता सांगे. लंडनचे आले, एडिनबराचे आले, डब्लिनचे आले. तिच्या गावचे, क्वमहेलिगचे, लालावर हिरवे पट्टे असलेले, एकदाही टोपलीत पडले नाहीत. खाणकामगारांचा क्लब, त्याला कोण विचारतो? तिचा नवरा त्याच मोज्यांत बारा वर्षं खेळला आणि खाणीत गाडला गेला. आता खाण बंद पडली होती; क्लबही मे महिन्यात मिटणार होता.

त्याच वर्षी पत्र आलं तिच्या मुलाला, इथेलला. ती एक जागा.

मॉर्विथनं गावभर सांगितलं. मोजे स्वतः विणून टपालानं धाडले. गाव बस ठरवून सामन्याला आलं.

इथेल मैदानात धावत आला तो निळ्या-पांढऱ्या मोज्यांत. लंडनच्या बँकवाल्यांचा क्लब. दोन वर्षं तो तिकडे खेळत होता.

सामन्यानंतर तो धुण्याच्या खोलीत आला.

“आई, नियम आहे. ज्या क्लबात खेळतो त्याचे मोजे.”

“मला नियम शिकवतोस? सव्वीस वर्षं तुमचा नियम मीच धुतेय! गेल्या साली त्या डब्लिनच्या डॉक्टरनं गावाकडचे घातले, कोणी हूं की चूं केलं नाही.”

इथेलची मान खाली गेली. “मी बॅगेतून काढले होते गं. एक जण हसला. म्हणाला, हे कुठल्या बिळातले?”

“मग सांगायचंस ना कुठले!”

“नाही सांगितलं.”

ती टोपलीकडे वळली. पंधरा जोड धुतले, त्याचाही धुतला, बाकीच्यांइतकाच नीट. दोरीवर घातले आणि एप्रन सोडला.

बस तिच्यासाठी थांबली होती. म्हातारा गॉमर, ज्याची जीभ कुणालाच सोडत नसे, सरकून तिला खिडकीची जागा देता झाला.

“दमलीस, पोरी,” एवढंच म्हणाला.

कुणीतरी टोमणा मारेल म्हणून ती वाट बघत राहिली. क्वमहेलिग आलं तरी कुणी मारला नाही.