पहिलं हरीण

कॅनडातलं ब्रॉसार्ड शहर सोडून दूर पश्चिमेला, सस्काटूनच्याही पलीकडच्या एका छोट्या गावात जायचं आम्ही ठरवलं. नवऱ्याला तिथल्या खाणीत नोकरी लागली होती आणि मुलीची शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती. एवढं निरोपाच्या जेवणाला जमलेल्या आमच्या मराठी मंडळींना पटलं. पण मला तिथे शिकार शिकायची आहे, असं मी सांगितलं तेव्हा जेवणारे हात थांबले.

"बाईमाणसाने बंदूक घ्यायची?" एका वहिनींनी विचारलं.

"लायसन्स काढूनच घेणार आहे," मी म्हटलं.

नव्या गावात शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. शिकार मी त्यांच्याकडून शिकले. पहिला हंगाम कोरडा गेला. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच शेताच्या कडेला मी एक हरीण टिपलं. जवळ गेले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. बाईंनी माझी समजूत घातली नाही. "आता मांस वाया घालवू नकोस," म्हणाल्या आणि हातात सुरी दिली.

हरणाबरोबरचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच नागपूरहून मोठ्या दिरांचा फोन आला.

"फोटो काढून टाक. लोक काय म्हणतील?"

"दादा, तुम्ही दर रविवारी कोंबडी खाता. ती दुसरं कुणीतरी मारतं, एवढाच फरक."

फोटो मी ठेवला. त्या संध्याकाळी सावजी मसाला घालून त्या हरणाच्या मांसाचा रस्सा केला आणि मुलीने दोनदा वाढून घेतला.