रंगाचं काम

कुठल्या इमारतीत पाणी मुरलं की ओलबाईंना बोलावणं जाई. त्यांचं खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि तिथेच सुखात होतं.

भिंत बघण्याआधी त्या भिंतीवर काय लावलंय ते बघत. गेल्या सालचं कॅलेंडर अजून लटकत असेल, तर त्या घराला जुन्या तारखांची हौस नसते. मागे पोपडे असतात. मग बोटानं ठोकायचं, आवाज पोकळ येतो का ऐकायचं आणि निकाल द्यायचा: रंगाचं काम, गिलाव्याचं काम, नाहीतर घर सोडायचं काम. लोक दारातच सांगून टाकत, रंगाचंच असेल हो. जणू पाणी त्यांना विचारून मुरतं.

त्यांच्या आत्यानंही तेच सांगितलं. तिच्या वरच्या मजल्यावरच्या घरात ओलबाई लहानाच्या मोठ्या झालेल्या. आत्यानं ठरवलं होतं, इथून हलायचं ते चौघांच्या खांद्यावरूनच. म्हणून तपासणीच्या दिवशी तिनं पलंग भिंतीला लावला, गुडघे धरल्याचं जाहीर केलं आणि आडवी झाली.

ओलबाईंनी वाद घातला नाही. पलंगावर बसल्या, भिंतीला पाठ टेकली, आत्यानं काढलेली तिच्या सगळ्या भावंडांची उणीदुणी शांतपणे ऐकून घेतली. उठल्या तेव्हा पाठीवर ओला चट्टा होता.

"घाम आलाय तुला," आत्या म्हणाली.

"गार घाम आहे."

वर तुळईला लांबलचक भेग गेली होती आणि भेगेतून तांबूस ओघळ. आतलं लोखंड गंजून फुगलं होतं. बरोबर त्याखाली आत्याची उशी.

"आत्या, घर सोडायचं काम आहे."

"रंगाचं म्हण की. खाल्ल्या मिठाला जाग जरा."

"जागतेय म्हणूनच सांगतेय. दुरुस्ती होईपर्यंत माझ्याकडे चल."

आत्यानं वरची भेग एकदा नीट बघून घेतली. मग धरलेल्या गुडघ्यांनिशी टुणकन उठली आणि पलंगाखालची बॅग ओढली. ती भरलेलीच होती.

भाचीच्या घरी पोचल्यावर आत्या बसलीसुद्धा नाही. सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. गेल्या सालचं होतं. तिनं ते खिळ्यावरून काढलं, मागच्या पोपड्यांवर बोटानं ठोकलं आणि पोकळ आवाज नीट ऐकून घेतला.

"हे कुठलं काम गं?"

"रंगाचं," ओलबाई म्हणाल्या आणि बॅग उचलून आतल्या खोलीत गेल्या.