मास्तरांसारखाच दुसरा

आमच्या वहिनीचं काम माणसं शोधायचं. लग्नासाठी नव्हे, कंपनीसाठी. पण कटकट तीच. दोन्हीकडे अपेक्षा आभाळाला टेकलेल्या आणि नकार देणारे हौशी, असं मी तिला म्हणते. मी तिची नणंद, एवढं बोलायचा माझा हक्कच आहे. यंदा मात्र तिला माझ्या थट्टेचं हसू येत नव्हतं.

तिची कंपनी रुग्णवाहिकांचं सॉफ्टवेअर चालवते. कुणी मदतीसाठी फोन केला की जवळची मोकळी गाडी कोणती, हे ते ठरवतं. ते आतूनबाहेरून ओळखणारा माणूस अख्ख्या कंपनीत एकच. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. हुशार, शांत, आणि कामाने पार पिळून निघालेले. सुट्टीतही त्यांचा फोन वाजायचा. एकदा वहिनीला जिन्यात गाठून ते म्हणाले, "जोडीला कुणी दिलं नाहीत तर मी चाललो. साहेबांना सांगू नका, घाबरतील." मग साहेबांच्या वाट्याची भीतीही वहिनीच्याच पोटात गेली. जेवताना तिचा घास हातातच राहायचा. दादाने विचारलं तर म्हणायची, "काही नाही." त्या 'काही नाही'ने आमचं घर धास्तावलं होतं.

उमेदवार येत नव्हते असं नाही. चांगले शिकलेले, कामाचा अनुभव असलेले येत होते. पण कंपनीची रीत अशी, की शेवटची परीक्षा ज्याच्या जोडीला बसायचं त्यानेच घ्यायची आणि त्याचाच शब्द अखेरचा. मास्तर दरवेळी तोच एक बिघडलेला प्रोग्राम समोर ठेवायचे, तासभर द्यायचे आणि काचेपलीकडून बघत बसायचे. मग बाहेर येऊन नुसती मान हलवायचे. वहिनीला कळायचं, हाही गेला. तहानेने जीव चाललाय आणि माणूस पाण्याला नावं ठेवतोय, असा सगळा प्रकार.

एक मुलगी वहिनीला फार आवडली होती. तासभर झटून तिने सरळ सांगितलं, "दोष कुठे आहे ते मला अजून सापडलं नाही. पण कुठे नाही, ते सापडलंय." मास्तरांनी तिलाही नापास केलं.

काही दिवसांनी आणखी एक नकार आला, तेव्हा वहिनीचा तोल गेला. "मास्तर, हा दोष शोधायला तुम्हाला स्वतःला किती वेळ लागला होता हो?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला. "तीन आठवडे," ते म्हणाले. "तेही माझे जुने साहेब शेजारी बसले होते म्हणून." बोलताबोलता त्यांचा चेहरा उतरला. मला विचाराल तर हुशार माणसांचं हे असंच होतं. एकदा जमलं, की कसं जमलं तेच विसरतात.

"पण आता उशीर झालाय," ते म्हणाले. "मी दुसरीकडे होकार दिलाय. त्यांनी परीक्षाच घेतली नाही. म्हणाले, आठवडाभर आमच्यात बसून काम करा, बघू जमतंय का."

साहेबांनी हे ऐकून हुकूम सोडला, "मास्तरांसारखाच दुसरा आणा. परीक्षा तीच ठेवा."

"आणि उत्तर बरोबर की चूक, ते कोण सांगणार?" वहिनीने विचारलं. साहेब कपाळाला हात लावून बसले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर चपलाही न काढता तिने त्या मुलीला फोन लावला. मी शेजारीच होते.

"मी तर नापास झाले होते ना?" पलीकडून आवाज आला.

"हो गं. आता आम्हीही झालोय. येतेस का? मास्तर आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून शिकशील."

"ताई, मला दुसरीकडे नोकरी लागली. कालच रुजू झाले."

वहिनीने तिचं अभिनंदन केलं, आणि मनापासून केलं. फोन ठेवून तिने चपला काढल्या. आतल्या खोलीत दादा कपाट आवरत काहीतरी गुणगुणत होता. तिकडे बघत ती हळूच म्हणाली, "अगं, मास्तर गेल्यावर कधी तुझ्या दादाच्या छातीत दुखलं आणि आपण फोन केला, तर गाडी येईल ना?"