पवनेपार नेट नेणारी

वराळ्याच्या अपेक्षा ओव्हाळला उंचीची भीती वाटत नाही. तिच्या जुन्या साहेबांना हे आठ वर्षांत कळलं नाही, कारण त्यांनी तिला कधी शिडीवर चढूच दिलं नाही. तळेगावच्या त्या कंपनीत ती फोन घ्यायची. "राउटर बंद करून परत चालू करा" हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं त्याची गणती नाही. खांबावर चढायची ती पोरं, आणि वर गेल्यावर काय करायचं ते खालून फोनवर सांगायची ही. डिश जरा डावीकडे घे, आता पाना आवळ, आता उतर. तिने शिकवलेली पोरं तिच्या वरच्या जागेवर गेली आणि ही खुर्चीतच राहिली. शेवटी मार्चमध्ये तिने राजीनामा दिला, जुनी स्कूटर धुतली, मागच्या डब्यावर 'ओव्हाळ नेटवर्क' असं रंगवून घेतलं आणि बाहेर पडली.

आईने, म्हणजे सरुबाईंनी, दोन दिवस अबोला धरला. महिन्याचा पगार सोडून पोरगी उन्हातान्हात खांबांवर चढणार हे कुठल्या आईला रुचेल? वडील भिमाजी मात्र तीस वर्षं कारखान्यात लेथवर उभे राहून नुकतेच रिटायर झाले होते आणि घरात बसून वैतागले होते. "मला घे की जोडीला," ते म्हणाले. "पाने-बिने मला तुझ्यापरीस जास्त कळत्यात." अशा रीतीने बाप लेकीच्या हाताखाली कामाला लागला.

काम असं, की जिथवर फायबरची वायर जात नाही तिथे नेट हवेतून न्यायचं. या काठावर एक डिश, त्या काठावर दुसरी, आणि दोघींनी एकमेकींच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. दोन-अडीच किलोमीटरवर हे सोपं नसतं. समोरची गच्ची नेमकी कुठली, हेच ओळखू येत नाही. त्यावर भिमाजींनी युक्ती काढली होती. ते पलीकडे जायचे आणि जेवणाचं स्टीलचं ताट उन्हात धरून हलवायचे. ताट चमकलं की अपेक्षा त्या चमकेवर डिश रोखायची. काम झालं की भिमाजी त्याच ताटात भाकरी काढून बसायचे. महागडी यंत्रं विकणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचू नये.

स्वतःच्या नावावर तिला पहिलं मोठं काम मिळालं ते पवना धरणाच्या काठी, शकुबाई घारेंच्या तंबूंच्या कॅम्पवर. पवनानगरपर्यंत फायबर आलेलं होतं. तिथल्या एका किराणा दुकानदाराच्या गच्चीवर एक डिश आणि पाण्याच्या अल्याड कॅम्पवर दुसरी, असा बेत ठरला. महिना मे. पाणी पार तळाशी गेलेलं, मधे नुसता भेगाळलेला चिखल. शकुबाईंचा पुतण्या निलेश याने काठावर वीस फुटी लोखंडी खांब उभा केला, त्याला हौसेने चंदेरी रंग दिला. "जेवढं उंच तेवढं भारी," निलेश म्हणाला आणि अपेक्षालाही ते पटलं. चूक तिथेच झाली होती, पण ती कळायला ऑक्टोबर उजाडावा लागला.

पावसाळाभर दोन डिशमधली जोडणी, म्हणजे लिंक, झकास चालली. तंबू उडाले, रस्ता खचला, वीज दोन-दोन दिवस गेली, पण इन्व्हर्टरवर का होईना, नेट हललं नाही. शेजारचे कॅम्पवाले चौकशी करायला लागले. मग पाऊस सरला, आभाळ निवळलं, धरण काठोकाठ भरलं आणि लिंक पडायला लागली. भर पावसात टिकलेली गोष्ट कोवळ्या उन्हात मोडते याला काय म्हणावं! रोज सकाळी सातच्या सुमाराला नेट तुटायचं, यायचं, परत तुटायचं. निलेशचा फोन आला की हातातलं काम उरकून बापलेक स्कूटरवर निघायची. पोचेपर्यंत अकरा वाजायचे. अपेक्षाने एकदा केबल बदलली, नेट ठणठणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. तिने सिग्नलचं चॅनेल बदललं, नेट ठणठणीत. परत फोन. शेवटी अख्खी डिश बदलली. दर वेळी हात लावला की नेट सुधारायचं, म्हणून दर वेळी तिला वाटायचं, सापडलं! बाई हुशार, पण इतकं साधं तिच्या ध्यानात येईना.

निलेशचा धीर सुटला. सोमवारपासून पुण्याच्या एका कंपनीची वीस माणसं दहा दिवस कॅम्पवर राहायला येणार होती, लॅपटॉप घेऊन, तिथूनच काम करायला. त्यांच्या मीटिंगा सकाळी आठला. "ताई, राग मानू नका," निलेश म्हणाला, "पण सोमवारी सकाळी नेट गेलं तर ती लोकं दुपारी सामान उचलत्याल. मी दुसऱ्या पार्टीला बोलून ठेवलंय. तुमची डिश तुमी काढून न्या." शकुबाई बाजूला तांदूळ निवडत होत्या. त्या सूप उचलून आत गेल्या, आणि तेच अपेक्षाला जास्त लागलं.

नेमका त्याच आठवड्यात जुन्या साहेबांचा फोन आला. "झालं ना फिरून? ये परत. तुझी खुर्ची रिकामीच आहे. पण लवकर कळव." साहेब चांगल्या शब्दांत बोलले, म्हणून तर तिला रडू आलं. पहिलंच काम असं हातचं गेलं तर त्या काठावर तिला दुसरं कोण देणार? मग खुर्ची आहेच, आणि "राउटर बंद करून परत चालू करा" आहेच. आईला तिने सांगितलं नाही. स्कूटरवर मागे बसलेल्या वडिलांना सांगितलं.

"तुला जायचंय का तितं?" भिमाजींनी विचारलं.

"न्हाई."

"मग रडतीस कशाला? गाडी नीट चालव."

घरापाशी आल्यावर तिने स्कूटर थांबवली. "आण्णा," ती म्हणाली, "आपण पोचतो तवा ते बरं असतं. बिघडतं तवा आपण तिथं नसतोच."

शनिवारी संध्याकाळी ती शकुबाईंकडे मुक्कामाला गेली आणि भिमाजी पवनानगरला दुकानदाराकडे. रविवारी सकाळी सात वाजता अपेक्षा शिडीवर होती. वाऱ्याची झुळूक नव्हती. धरणाचं पाणी इतकं स्थिर की तुंग किल्ला त्यात उलटा उभा होता. तिच्या मोबाईलवर सिग्नलचा आकडा चढत होता, पडत होता, आणि मग लिंक तुटलीच. डिश हलली असेल का? तिने वडिलांना फोन लावून ताट दाखवायला सांगितलं. ऊन तिच्या पाठीवर होतं. पलीकडे गच्चीवर ताट लख्ख चमकलं. आणि त्याच्याखाली, पाण्यात, आणखी एक चमकलं.

"आण्णा, दोन ताटं हायेत का तुमच्याकडं?"

"दोन कुटली? एकच हाय. अजून न्ह्यारी बी न्हाई झाली."

तिने डोळे बारीक करून पाहिलं. एक चमक सरळ येत होती, दुसरी पाण्यावर आपटून. तिच्या डोळ्याला जे दिसत होतं तेच डिशलाही होत असणार. एकच सिग्नल दोन वाटांनी येतो, दुसरा किंचित उशिरा, आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. मे महिन्यात पाणीच नव्हतं. पावसाळ्यात लाटा आणि थेंब पाण्याचा आरसा होऊ देत नव्हते. आता सकाळी पाणी शांत, आणि अकरा वाजता, ती पोचते तेव्हा, वारा सुटलेला. पोटऱ्या भरून आल्या तरी ती उतरली नाही. दहा वाजता वारा आला, पाणी थरथरलं, खालची चमक विस्कटून गेली आणि आकडा जागेवर बसला. अपेक्षा शिडीवर एकटीच मोठ्याने हसली.

"डिश खाली घ्यायची," ती निलेशला म्हणाली.

"खाली? आवो ताई, सगळी दुनिया वर लावती!"

"लावू द्या. मला असली जागा पायजे, जिथनं ती गच्ची दिसंल पण पाणी दिसणार न्हाई."

स्टूल घेऊन ती कॅम्पभर फिरली. काठापासून पन्नासेक पावलं मागे स्वयंपाकघर होतं. त्याच्या भिंतीपाशी, डोक्याच्या जरा वर, तिने नजर लावली. पुढचा दगडी बांध पाण्याच्या आड येत होता. भिमाजींनी गच्चीवर परत धरलेलं ताट दिसत होतं, पाणी नाही. निलेशचं तोंड चंदेरी खांबाकडे बघून एवढंसं झालं.

तेवढ्यात शकुबाई पहिल्यांदा बोलल्या. "आरं, तुला नेट गेल्याचं दुःख हाय का खांब गेल्याचं? करू दे तिला. पोरगी तीन तास शिडीला चिकटून हुती, मी बघत हुते."

दुपारपर्यंत डिश खाली आली. आकडा पहिल्यापेक्षा थोडा कमीच दिसला, पण वाऱ्यात तो असाही हलला नसता. खरं काय ते सकाळीच कळणार होतं. अपेक्षा आणखी एक मुक्काम राहिली. सोमवारी ती चहा तसाच ठेवून मोबाईल घेऊन बसली. सात वाजले, साडेसात वाजले. पाणी अगदी गुळगुळीत होतं. आठ वाजता वीस माणसं लॅपटॉप उघडून बोलायला लागली. कुणी हिंदीत, कुणी इंग्रजीत, एक बाई तर कुणावर तरी भडकल्या होत्या, आणि त्यांचं भांडण एकदाही मधे तुटलं नाही. दहा वाजले. आकडा होता तिथेच होता. शकुबाईंनी तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि तिने ती पुसून खाल्ली.

जाताना निलेशने स्वतःहून सांगितलं, "शेजारच्या कॅम्पचं बी बघताय का? मी बोललोय त्यांना. खांब नको म्हणून पण सांगितलंय."

गुरुवारी ती शेजारच्या कॅम्पवर शिडीवर होती, दोन्ही हात कामात. फोन खाली भिमाजींच्या खिशात वाजला. जुन्या साहेबांचा होता. अपेक्षाने वरून मान हलवली, तुम्हीच घ्या म्हणून. भिमाजींनी फोन कानाला लावला, सवयीने ताठ उभे राहिले, आणि तीस वर्षं कारखान्यात वरच्या लोकांविषयी बोलताना काढत असत त्या आवाजात म्हणाले, "मॅडम कामावर हायेत. न्हाई, त्या आता न्हाई यायच्या तितं. कामाचं काय आसंल तर मला सांगा, मी त्यांचा माणूस बोलतोय."